हात स्लो की टीव्ही?

दिवाळीत ताईकडे नगरला गेलो होतो. (2024 पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण माझ्या तोंडातून अजून नगरच निघतं, सॉरी!) सावेडीतल्या घरात नवाकोरा 55 इंची टीव्ही, आणि भाचेसाहेब क्रिकेटच्या गेममध्ये धडाधड बोल्ड होतायत. बॉल स्टंपात गेल्यावर बॅट फिरायची. ‘‘तुझे हातच स्लो आहेत रे,’’ मी म्हणालो. सगळे हसले. तो नाही हसला.

रात्री ताईनं सांगितलं, पठ्ठ्याला रणगाड्यावर जायचंय. नगरच्या पोराला दुसरं काय स्वप्न पडणार? आर्मर्ड कोअरचं सेंटर इथेच, टँक म्युझियममधला ‘विजयंता’ शाळेच्या ट्रिपपासून ओळखीचा. आणि हा आईला विचारत होता, ‘‘स्लो हातवाल्यांना घेतात का गं?’’

जाम अपराधी वाटलं, बॉस.

सकाळी तोच म्हणाला, ‘‘मामा, मित्राकडे मी सिक्स मारतो.’’ मग ट्यूब पेटली. मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा काढला. सेकंदाला 240 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण 4 मिलिसेकंदांची. बटण दाबल्यापासून बॅट हलेपर्यंत मोजल्या 44 फ्रेम. जवळपास 183 मिलिसेकंद!

हा वेळ जातो कुठे? थोडा गेममध्येच. 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर नवं चित्र दर 16.7 मिलिसेकंदांनी येतं, आणि खोळंबा नको म्हणून पुढची चित्रं आधीच रांगेत लावली जातात. खानावळीत पोळ्यांची थप्पी लावतात ना, तसं. वाढायला पटकन, पण ताटात पडते ती गारच. रांग जितकी लांब, तितकं चित्र जुनं. म्हणून हल्लीचे गेमवाले ही रांगच छोटी करतात आणि बटण शक्य तितक्या उशिरा वाचतात. व्हीआर हेडसेटमध्ये तर हे करावंच लागतं. जॉन कारमॅकनं 2013 मध्येच लिहिलं होतं, की डोकं वळवल्यापासून चित्र वळेपर्यंत 20 मिलिसेकंदांच्या आत रहायला हवं. नाहीतर पोटात ढवळतं.

पण आमचा खरा चोर टीव्हीच. चित्र ‘मख्खन’ दिसावं म्हणून तो दोन फ्रेमच्या मधली तिसरी स्वतः बनवतो, आणि त्यासाठी पुढची येईपर्यंत थांबतो. शोरूममध्ये आपण ज्यावर फिदा होतो ना, तेच हे! सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधला, ऑन केला, पुन्हा मोजलं. 21 फ्रेम. वाचले साधारण 96 मिलिसेकंद. 140 किमी वेगाचा बॉल तेवढ्यात पावणेचार मीटर पुढे येतो!

‘‘सॉरी रे,’’ मी म्हणालो, ‘‘हात नाही, टीव्ही स्लो होता.’’

पहिल्याच बॉलला गडी पुन्हा बोल्ड. या वेळी बॅट लवकर फिरली होती. आठवडाभर त्या उशिराचा अंदाज धरून खेळला होता ना!

‘‘मामा, थांब,’’ तो म्हणाला आणि रिमोट माझ्या हातातून काढून घेतला.