मांडीवर न मावणारा लॅपटॉप

लॅपटॉप म्हणजे मांडीवर ठेवायचा कॉम्प्युटर. निदान शब्दाचा अर्थ तरी असाच आहे. आमच्याकडे जो आहे तो मांडीवर ठेवून बघा. दहाव्या मिनिटाला मांडी भाजते, विसाव्या मिनिटाला पायाला मुंग्या येतात आणि तिसाव्या मिनिटाला बॅटरी संपते, म्हणजे सुटका! मशीन तीन किलोच्या वर, आणि त्याचा अडॅप्टर (आमची आई त्याला 'वीट' म्हणते) आणखी किलोभर. अशा यंत्राला 'डेस्कटॉप रिप्लेसमेंट' म्हणतात, म्हणजे टेबलावरच्या कॉम्प्युटरची जागा घेणारा लॅपटॉप. दादाने पहिल्यांदा उचलून बघितला आणि म्हणाला, "आरं, बियाण्याची पिशवी हाये का काय ही?"

अडीच वर्षं झाली, मी या पिशवीबरोबर राहतोय. चाकणच्या कारखान्यांसाठी मी जिग-फिक्स्चरची डिझाइनं करतो, त्यामुळे दिवसा मशीनला पोटापाण्याचं काम असतं. रात्री गेम. (चाळिशीतल्या माणसाने गेम खेळावा का, यावर आमच्या घरात एकमत नाही. पण जिथे साठी उलटलेले आजोबा बैलगाडा घाटात बारी बघायला भर उन्हात चार-चार तास उभे राहतात, तिथे दुसऱ्याच्या वेडाबद्दल कुणी फार बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.)

घेताना ज्याला ज्याला विचारलं त्याने एकच सल्ला दिला. एवढ्या पैशात एक दणदणीत डेस्कटॉप आणि वर एक हलका लॅपटॉप येतो, हा मधला प्रकार कशाला? हिशोब बरोबर आहे. सल्ला मात्र मला पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहावं म्हणतो.

आधी या मशीनच्या विरोधात जे बोलायला हवं ते बोलून घेतो. पहिली गोष्ट नावाची. खोक्यावर 'आरटीएक्स ४०८०' असं ऐटीत लिहिलेलं असतं. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये बसणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचंही नाव हेच. पण टेबलावरच्या ४०८० मध्ये ९७२८ कोअर, १६ जीबी मेमरी आणि ३२० वॅटची भूक. लॅपटॉपमधल्या ४०८० मध्ये ७४२४ कोअर, १२ जीबी मेमरी, आणि सगळं मिळून जास्तीत जास्त १७५ वॅट. आडनाव एक असलं म्हणून सातबारा एक होत नाही! त्यातही हीच चिप पातळ अंगाच्या लॅपटॉपमध्ये बसवली की तिला बिचारीला जेमतेम निम्मी वीज मिळते. म्हणून वजनाला हसणाऱ्यांना मी सांगतो की बाबांनो, ते वजन म्हणजेच मशीन आहे. तांब्याच्या नळ्या, पंखे, जाळ्या... उष्णता बाहेर काढायला जागा लागते, आणि जागा म्हटलं की वजन आलंच.

दुसरी गोष्ट बॅटरीची. विमानात खास परवानगीशिवाय १०० वॅट-अवरपेक्षा मोठी बॅटरी नेता येत नाही. त्यामुळे जगातला केवढाही दांडगा लॅपटॉप घ्या, त्याची बॅटरी ९९ च्या आसपास येऊन थांबते. आता गेम चालू असताना मशीन भिंतीतून २३०-२५० वॅट ओढतं. भागाकार करा. अर्धा ताससुद्धा होत नाही. प्रत्यक्षात बॅटरीवर गेल्यावर मशीन स्वतःच आखडतं घेतं आणि गेम अडखळत चालतो. म्हणजे प्लगपासून तोडलं की या पैलवानाचा लगेच पेशंट होतो.

पण ही दुबळी बॅटरी शहरातल्या माणसाला आणि मला वेगवेगळी दिसते. आमचं गाव नारायणगाव आणि मंचरच्या मधलं. इथे वीज 'जाते' आणि 'येते' या दोन क्रियापदांमध्ये बरंच काही घडत असतं. पावसाळ्याच्या तोंडाला तर एका संध्याकाळीत पंधरा वेळा डोळा मारते. डेस्कटॉप असता तर प्रत्येक डोळ्याला एक काम गेलं असतं, किंवा शेजारी यूपीएस नावाचा आणखी एक ठोकळा पाळावा लागला असता. इथे यूपीएस पोटातच आहे. शिवाय अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टमध्ये काहीही चालवून घेतो. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे एकदम लागले की व्होल्टेज दीडशेवर येतं, फ्रिज कण्हायला लागतो, ट्यूब लागत नाही, आणि हा पठ्ठ्या ढिम्म असतो. (उलट बाजूने मात्र जपावं लागतं. न्यूट्रल तुटून घरात चारशे व्होल्ट शिरले तर कुणीच वाचत नाही. आभाळ गडगडायला लागलं की मी सरळ प्लग काढतो.)

अर्थिंगचा किस्सा तर सांगायलाच हवा. नवीन असताना आई त्यावरची धूळ पुसायला गेली आणि हात झटकन मागे घेऊन म्हणाली, "ह्याच्यात वारं हाये." धातूच्या अंगाला हात लावला की बारीक झिणझिण्या येत होत्या. मशीन उत्तम होतं. तीन पिनांच्या अडॅप्टरमधून जी किंचित वीज अर्थिंगकडे जायला हवी तिला वाटच नव्हती, कारण घर बांधल्यापासून अर्थिंगच्या खड्ड्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. मग खड्डा उकरला, मीठ-कोळसा भरला, दोन बादल्या पाणी ओतलं. वारं गेलं. घराची वायरिंग कशी आहे ते वायरमनच्या आधी मला या लॅपटॉपने सांगितलं! उन्हाळ्यात अजूनही आई तुळशीच्या आधी अर्थिंगला पाणी घालते.

'गेमिंग' हा शब्दही जरा नीट बघायला हवा. स्वच्छ हवेत आमच्या गच्चीवरून खोडदच्या जीएमआरटीच्या एक-दोन तबकड्या दिसतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या १६ तीन दिशांना २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. ही दुर्बीण चालवायची तर प्रत्येक तबकडीने ऐकलेला संदेश दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संदेशाशी ताडून बघावा लागतो. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. आणि हे क्षणभरही न थांबता करायचं. दुर्बिणीचं आधुनिकीकरण झालं तेव्हा हे काम ज्या यंत्रणेकडे दिलं गेलं तिच्यात ग्राफिक्स कार्डंच आहेत. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग एका दमात काढायला जी चिप जन्माला आली, तीच जात दूरच्या दीर्घिकांचा आवाज चाळते आहे. लहान लहान गुणाकार-बेरजा, पण एका वेळी हजारो. माझ्या फिक्स्चरचं मॉडेल पडद्यावर फिरतं तेही याच कारणाने. याचा अर्थ मी फार मोठं काही करतो असा मुळीच नाही. उलट माझ्यासारख्यांची उपकरणं म्हणजे त्या दुर्बिणीच्या कानाशी चाललेली कुजबुज. असो. मुद्दा एवढाच की 'खेळणं आहे ते' असं कुणी म्हटलं की मी खोडदकडे बोट दाखवतो.

आता मुख्य मुद्दा. तो सल्ला देणारी सगळी माणसं एका घरात राहणारी आहेत. त्यांचं टेबल एक, खुर्ची एक, प्लग एक. आमच्या जुन्नर-आंबेगावचं तसं नाही. इकडची माणसं पिढ्यान् पिढ्या दोन घरांत राहत आली आहेत. मुंबईचे डबेवाले घ्या. खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर इथूनच गेलेले. मुंबईत एक खोली आणि गावात घर, यात्रेला आणि पेरणीला माघारी. माझं तेच, फक्त अंतर कमी. सोमवार ते बुधवार भोसरीतली खोली, बाकीचे दिवस गाव. वडील गेल्यापासून दादा शेती एकटा बघतो, आईचे गुडघे दुखतात, आणि मी महिन्यातून एकदा पाहुण्यासारखं येणं कुणालाच परवडणारं नव्हतं. डेस्कटॉप घेतला असता तर तो भोसरीत तरी राहिला असता किंवा गावात तरी. आणि जिथे तो, तिथे मी. हलक्या लॅपटॉपवर माझी असेंब्ली उघडायलाच चहा पिऊन होतो.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाईंचं गाव. यात्रांच्या हंगामात तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. त्या फडाचा पसारा कधी बघितलाय? कनात, स्टेज, लाइट, स्पीकर, जनरेटर, पेट्या. त्याला कुणी 'हलका' म्हणणार नाही. पण फडमालकाला हलकेपणा नकोच असतो. सगळं ट्रकमध्ये बसलं पाहिजे आणि पुढच्या गावात संध्याकाळपर्यंत उभं राहिलं पाहिजे, एवढंच त्याचं मागणं. माझं मशीन या अर्थाने फडाचं सामान आहे. कॅफेत बसून मिरवायला ते निरुपयोगी. पण एसटीत पायाशी पाठपिशवी ठेवून (मांडीवर नाही!) नारायणगावची गाडी पकडली, चाकणच्या चौकात नेहमीचा एक तास घालवला, तरी जेवणाच्या आत खेळ उभा राहतो.

दोन घरांचे तोटेही त्यालाच सोसावे लागतात. कांदा बराखीत भरायचे दिवस आले की हवेत सालपटं तरंगत असतात आणि मागच्या जाळीतून थेट पंख्यात जातात. तेव्हा दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून ब्रश मारावा लागतो. एप्रिलमध्ये प्रोसेसर ९५ अंशाला टेकतो आणि पंख्याचा आवाज असा होतो की आई विचारते, "गिरण चालू केली का रं?" थंडीत मात्र मागच्या झोतासमोर मांजर येऊन झोपतं. रॅम आणि डिस्क बदलता येते, पण ग्राफिक्सची चिप पाटाला डाख मारून बसवलेली. ती म्हातारी झाली की मशीन म्हातारं. हे मला घेतानाच माहीत होतं आणि तरीही घेतलं.

आणि आता ती गोष्ट, जी हिशोबात धरायला मला कुणी सांगितली नव्हती. गावठाणाची वाहिनी शेतीपासून वेगळी झाल्यापासून घरात बहुतेक रात्रभर वीज असते. शेतीच्या थ्री-फेजला मात्र पाळी. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत माझ्या मशीनला बसल्या जागी प्लग आणि दादाला बाराला उठून उसात जायचं. आणि उसात काय असतं ते जुन्नरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. २००१ च्या सुमारास इथल्या बिबट्यांच्या हल्ल्यांनी सगळं राज्य हादरलं होतं, माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, आणि तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला पोरगं गेलं तेव्हा लोकांनी मंचरला महामार्ग अडवून धरला. दिवसा वीज द्या, ही त्या सगळ्या रागातली जुनी मागणी.

आकड्यांत बघितलं तर माझा गेम किरकोळ आहे. तीन तासांना पाऊण युनिट. पाच अश्वशक्तीची मोटर आठ तासांत तीसेक युनिट खाते. मी मशीन बंद ठेवल्याने दादाला दिवसा वीज मिळणार नाही, हे मला कळतं. पण एका रात्री मी घोड्यावर बसून अमेरिकेतल्या डोंगरात फिरत होतो (गेममध्ये हो!), झुडपातून पुमाने झेप घेतली, मी मेलो, आणि मागच्या ठिकाणापासून पुन्हा खेळ सुरू केला. तेवढ्यात अंगणात दादा बॅटरीचा प्रकाश टाकत, मोबाइलवर मोठ्याने भजन लावून निघाला होता. भजन भक्तीचं नव्हतं, बिबट्याला चाहूल लागावी म्हणून होतं. मी हेडफोन काढून ते भजन दूर जाईपर्यंत ऐकत राहिलो.

आता आमचं ठरलंय. मी गावात असेन त्या रात्रींची पाळी आम्ही दोघं मिळून करतो, एकट्याने उसात शिरायचं नाही. गेम साडेअकराला बंद. पाणी धरून आलो की दादा झोपतो आणि मी तासभर राहिलेलं डिझाइनचं काम ओढतो, कारण तेव्हा व्होल्टेज सगळ्यात चांगलं असतं. डेस्कटॉप भोसरीत असता तर गुरुवार ते रविवार मीही भोसरीत असतो आणि दादा भजनाबरोबर एकटा. मशीनच्या किमतीत हे धरा आणि मग मला सांगा महाग आहे का ते.

सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. शेतीला दिवसा वीज हाच तिचा उद्देश. आमच्या शिवारात ज्या दिवशी रात्रीची पाळी कायमची संपेल त्या दिवशी मी पहाटे तीनपर्यंत खेळणार आहे. आईला आत्ताच सांगून ठेवलंय.