हजारची टिक बिनधास्त घ्या, पण आधी मोजा!

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की एक तरी सिनियर सल्ला देतोच, ‘टिक १०० वर आण, बॅटरी जास्त चालेल.’ दुसरा म्हणतो, ‘छे, १००० ठेव, सगळं मख्खन पळतं.’ मग आपण सबमिशन बाजूला ठेवून रात्रभर कर्नल कंपाइल करत बसतो! दोस्तांनो, माझं मत सरळ आहे. लॅपटॉपसाठी १००० निवडा किंवा सिस्टीमने दिलंय ते राहू द्या. निव्वळ बॅटरीच्या भीतीने १०० वर जाऊ नका.

टिक म्हणजे प्रोसेसरला ठरावीक वेळाने मिळणारी हाक. त्या हाकेसरशी कर्नल बघतो, कोणाचं काम थांबवायचं आणि कोणाला पुढे सोडायचं. १०० हर्ट्झला ही हाक दर १० मिलिसेकंदांनी येते, २५० ला ४ आणि १००० ला १ मिलिसेकंदाने. मरोळ नाक्याला मेट्रोची वाट बघताना हे गणित लगेच कळतं. फेऱ्या वाढल्या की ताटकळणं कमी होतं, पण प्रत्येक फेरीला वीज लागते.

‘१००० म्हणजे बॅटरीची वाट’ ही तक्रार एकेकाळी खरी होती. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलने नेहमीच्या पीसींवर १०० वरून थेट १००० वर उडी मारली. काहीच काम नसलं तरी प्रोसेसर सेकंदाला हजारदा जागा व्हायचा. अगदी रिकाम्या गाड्या धावाव्यात तसं. लॅपटॉपवाल्यांनी कुरकुर केली, वाद झाला आणि ऑगस्ट २००५ मध्ये २.६.१३ ने डिफॉल्ट २५० वर आणलं.

पण २००७ मध्ये २.६.२१ सोबत ‘टिकलेस’ची सोय आली. प्लॅटफॉर्मवर कुणीच नसेल तर गाडी सोडायचीच नाही! प्रोसेसर रिकामा असला की टिक थांबते. त्यामुळेच फेडोरा १००० वर चालतं आणि ऑक्टोबर २०२४ च्या उबुंटू २४.१० नेही २५० सोडून १००० धरलं. जुना सल्ला मात्र अजून कॉलेजच्या कट्ट्यावर फिरतोय.

१००० अगदी फुकट आहे, असंही नाही. काम चालू असताना टिक पडत राहते आणि तिचा थोडा खर्च होतोच. पण बॅटरी खाणारे खरे भिडू बहुतेक वेळा वेगळेच असतात. उघडे ठेवलेले तीस टॅब, मागे चालणारं चॅट अ‍ॅप. हेच प्रोसेसरला झोपू देत नाहीत. लिनक्सवर ‘पॉवरटॉप’ चालवा, कोण किती वेळा उठवतंय त्याची यादीच मिळेल. विंडोजमध्ये टिक साधारण १५.६ मिलिसेकंदांची असते, पण एखादं अ‍ॅप ती १ मिलिसेकंदावर आणायला लावू शकतं. ‘पॉवरसीएफजी’चा एनर्जी रिपोर्ट काढला की तो भिडूही सापडतो.

तरीही शंका असेल तर तेच काम, तोच ब्राइटनेस आणि तेच वायफाय ठेवून दोन्ही आकड्यांवर तासभर लॅपटॉप चालवा आणि बॅटरी किती टक्के उतरली ते वहीत लिहा. उद्या सीप्झला किंवा मरोळ एमआयडीसीत इंटर्नशिपला गेलात आणि कुणी विचारलं, ‘हाच आकडा का?’, तर ‘सिनियर म्हणाला’ हे उत्तर चालणार नाही, वहीतले आकडे चालतील!