अधिक मासातील घाई

लोकसभेचे माननीय अध्यक्ष यांस,



कोकणातल्या एखाद्या खेड्यात जुनी पाणंद बंद करावयाची झाली, तरी चावडीवर जाहीरनामा लागतो, हरकतींना मुदत मिळते, आणि ज्याच्या गुरांची वहिवाट त्या वाटेने असेल त्याला आपली कैफियत मांडता येते. परंतु किनाऱ्याला लागलेल्या सागरी हद्दीपासून थेट दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या समुद्राचा तळ पन्नास वर्षांच्या मुदतीने खाणकामास देण्याची तजवीज ज्या दुरुस्ती विधेयकाने केली, ते २७ जुलै २०२३ रोजी आपल्या सभागृहात दाखल झाले, १ ऑगस्टला मंजूर झाले, आणि ३ ऑगस्टला राज्यसभेनेही त्यावर आपली मोहोर उमटवली. त्याचेच भावंड म्हणावे असे जमिनीवरील खाणींविषयीचे दुसरे विधेयक, ज्याने लिथियमसह सहा खनिजे अणुखनिजांच्या यादीतून काढून खासगी उद्योगाला मोकळी केली, ते तर २६ जुलैला आले आणि २८ जुलैला आपल्या सभागृहातून बाहेर पडले. त्या वर्षी पंचांगाने श्रावण अधिक दिला होता; काळाची एवढी उदारता असूनही संसदेला सवड म्हणून सापडली नाही.

ज्या २६ जुलैला खाणींचे विधेयक आले, त्याच दिवशी मंत्रिमंडळावरील अविश्वासाचा ठराव आपण दाखल करून घेतला होता, आणि त्यावरील चर्चा ८ ऑगस्टला सुरू होण्यापूर्वीच ही दोन्ही विधेयके निकालात निघाली. नियमांत त्यास मज्जाव नसेलही. पण ज्या सरकारवर सभागृहाचा विश्वास आहे की नाही हेच ठरावयाचे होते, त्याने मणिपूरमधील हिंसाचारावरून उसळलेल्या गदारोळात अर्धशतकाचे मक्ते देणारा कायदा करून घ्यावा, हे माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाला औचित्याला धरून वाटत नाही.

सागरी विधेयकाने आणलेल्या लिलावाच्या तत्त्वाशी माझे भांडण नाही. मर्जीने वाटलेल्या परवान्यांपेक्षा जाहीर बोली केव्हाही श्रेयस्कर, आणि सागरी खनिजांविषयीचा २००२ चा मूळ कायदा सदोष होता हेही खरे. पण तो कायदा २०१० मध्ये अंमलात आला आणि त्यानंतरच्या तेरा वर्षांत त्याखाली समुद्रातून घमेलेभर वाळूही निघाली नाही, असे असता आणखी तेरा आठवडे थांबल्याने राष्ट्राचे कोणते द्रव्य बुडणार होते? खाण मंत्रालयाने त्या वर्षाच्या आरंभी मसुदा संकेतस्थळावर ठेवून अभिप्राय मागविले होते, हे मी नाकारीत नाही. तथापि विधेयकपूर्व विचारविनिमयाचे जे धोरण केंद्र शासनाने २०१४ मध्ये स्वतःच ठरविले, त्यात तीस दिवसांच्या मुदतीबरोबरच, कायद्याची झळ ज्या विशिष्ट वर्गाला पोचणार त्याच्यापर्यंत मसुदा पोचावा, असाही आशय आहे. आणि रापणीचे जाळे ओढणारा गाबित मच्छीमार किंवा केरळमधल्या कोल्लमचा होडीवाला मंत्रालयाचे संकेतस्थळ चाळीत बसत असेल, ही कल्पना कोणाही समंजस माणसाला पटणार नाही.

त्या मच्छीमाराला ही वार्ता कळली ती लिलावाच्या नोटिशीने. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी समुद्रातील तेरा गट विक्रीस निघाले: पोरबंदरजवळ चुनखडीच्या गाळाचे तीन, ग्रेट निकोबारच्या परिसरात सात, आणि केरळच्या कोल्लमसमोर बांधकामाच्या वाळूचे तीन. पुढच्या फेब्रुवारीत केरळच्या किनाऱ्याने एक दिवस होड्या बंद ठेवल्या. ४ मार्चला तेथील विधानसभेने, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांसह, एकमताने विरोधाचा ठराव केला. ही साक्ष दीड वर्ष आधी, समितीपुढे, शांतपणे घेता आली असती. आमच्याकडे रत्नागिरीत काळबादेवी आणि मालगुंडच्या वाळूत इल्मेनाइट आहे हे भूशास्त्रज्ञ केव्हापासून सांगत आले आहेत. तेव्हा केरळचे दुखणे केरळपुरते म्हणून स्वस्थ बसणे आम्हांला परवडणारे नाही.

घाईने वेळ वाचतो, हाही एक भ्रमच. गोव्यातील अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचे नूतनीकरण, १२ जानेवारी २०१५ चा लिलावाचा अध्यादेश निघण्यापूर्वीच्या थोड्याशा आठवड्यांत, राज्य शासनाने झपाट्याने उरकले. ती घाई संसदेची नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सारी नूतनीकरणे रद्द ठरविली आणि मार्चच्या मध्यावर खाणी थंडावल्या. डिचोली-सांगेकडच्या ज्या ट्रकवाल्यांनी कर्जे काढली होती, त्यांच्या हप्त्यांना मात्र कोणी स्थगिती दिली नाही.

१९९३ मध्ये संसदेने विभागवार स्थायी समित्या निर्माण केल्या, त्या अशी घाई टळून विधेयकांची शांतपणे छाननी व्हावी याचसाठी. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. कोळसा, खाण व पोलाद या खात्यांची समिती आजही आहे, तिच्यात दोन्ही सभागृहांचे एकतीस सदस्य बसतात, आणि आपल्या सभागृहात मांडलेले विधेयक तिच्याकडे धाडण्याचा अधिकार मंत्र्यांचा नसून आपला आहे.

माझी विनंती एवढीच की, खनिजांविषयीचे यापुढील प्रत्येक विधेयक त्या समितीच्या दप्तरी जावे आणि समितीने किनाऱ्यावर येऊन साक्षी नोंदवाव्यात. २०२३ चे विधेयक ज्या १ ऑगस्टला मंजूर झाले, त्याच दिवशी एकसष्ट दिवसांची मासेमारीबंदी संपून पश्चिम किनाऱ्यावरील होड्या पाण्यात लोटल्या जात होत्या. समितीने जून-जुलैत यावे. त्या दिवसांत माणसे घरी जाळी विणीत बसलेली असतात.

आपला नम्र,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक वृद्ध मतदार