नार्मेरच्या एका घावात इजिप्तचे राजपद जन्मले नाही

१/ "नार्मेरने उत्तर इजिप्त जिंकला आणि राजपद जन्माला आले" हे वाक्य लोकप्रिय लेखनातून अजूनही हटत नाही. पुरावा म्हणून नार्मेरची शिलापट्टिका पुढे केली जाते. ती एवढे सिद्ध करीत नाही.

२/ क्विबेल आणि ग्रीन यांना हायराकोनपोलिस येथे १८९७-९८ च्या हंगामात ती सापडली. एका बाजूस पांढरा मुकुट घातलेला राजा शत्रूवर गदा उगारतो. दुसऱ्या बाजूस त्याच्या मस्तकी तांबडा मुकुट आहे. पांढरा दक्षिणेचा, तांबडा उत्तरेचा, म्हणून हे एकीकरण, असा तर्क.

३/ तांबड्या मुकुटापाशीच हा तर्क अडखळतो. त्याचे सर्वांत जुने ज्ञात चित्र नकादाच्या एका खापरावर आहे. नकादा दक्षिणेत आहे आणि ते खापर नार्मेरच्या काही शतके आधीचे! हा मुकुट उत्तरेचे चिन्ह ठरला तो पुढे.

४/ गदाधारी विजेताही नवा नव्हे. हायराकोनपोलिसच्याच १०० क्रमांकाच्या थडग्यातील भित्तिचित्रात बांधलेल्या कैद्यांवर शस्त्र उगारणारा पुरुष आहे. तेही नार्मेरच्या कित्येक पिढ्या आधीचे.

५/ अबायडोसचे यू-जे थडगे पाहा: इ.स.पू. सुमारे ३२००. गुंटर ड्रायर यांच्या पथकाने १९८८ मध्ये ते उकरले. बारा दालने, हस्तिदंती राजदंड, शेकडो कुंभ आणि चिन्हे कोरलेल्या चिमुकल्या पट्ट्या. माल साठवणारी, नोंदवणारी सत्ता नार्मेरपूर्वीच उभी होती.

६/ प्रतिपक्ष म्हणेल, देन राजाच्या थडग्यातील मुद्राठशावर राजांची यादी नार्मेरपासूनच सुरू होते. खरे आहे. परंतु ती राजघराण्याची स्वतःची यादी आहे. वंशावळ कोठून आरंभायची, हे वारसच ठरवतात.

७/ याच घाईतून फ्लिंडर्स पेट्री यांनी बाहेरून आलेल्या विजेत्या वंशाचा सिद्धान्त मांडला आणि नाईलकाठच्या लोकांचे कर्तृत्व परक्यांच्या नावे लिहिले. अबायडोसच्या दफनभूमीत मात्र साध्या खड्ड्यांपासून विटांच्या राजथडग्यांपर्यंतचा क्रम अखंड दिसतो.

८/ शिलापट्टिका ही राजाची स्वतःविषयीची घोषणा आहे. तिलाच इतिहास मानले, तर खापर घडवणारे, विटा रचणारे, धान्य भरणारे आणि बांधले गेलेले कैदी, ज्यांच्यावर हे राजपद उभे राहिले, ते सारे इतिहासातून वगळले जातात.