वंध्य उंदीर आणि आमचे खारबांध

बांधांत घुशीचें एक बीळ राहिलें कीं उधाणाचें पाणी शिरून भातखाचर नासतें, हें खारेपाटांतील शेतकऱ्यांस सांगावयास नको. आतां उंदीर वंध्य करणाऱ्या औषधाची आशा दाखविली जाते. पेशींस उष्णतेचा मारा सोसण्यास साह्य करणाऱ्या प्रथिनांपैकीं एक उंदराच्या वृषणांत उष्णतेवांचूनही निपजतें. १९९६ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं त्या प्रथिनावांचूनचे उंदीर निर्माण केले. नरांचें शुक्रबीज अर्ध्यावरच मेलें, माद्या मात्र पूर्ववत् व्याल्या.

आमचा आक्षेप येथेंच आहे. एक धडधाकट नर अनेक माद्यांस पुरतो. १०० पैकीं ९० वंध्य केले तरी बिळें भरतीच राहतील. खेकड्याचा उपद्रव तर निराळाच! तेव्हां कापणी होतांच साऱ्या गांवानें एकदम बिळें खणून बांध चोपावेत. एकट्यानें केल्यास शेजारच्या बांधावरील घूस लगेच येऊन वसते.