स्पर्धा परत आणा म्हणताय? आधी कोर्ट दाखवा!

परवा आमच्या नवीन पनवेलच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता, 'महाराष्ट्राची एटीपी टेनिस स्पर्धा परत आणा, सरकारने पुढाकार घ्यावा.' मी अंगठा दाबणार होतो, पण थांबलो. हा खेळ मी दोनदा पाहिलाय.

पहिल्यांदा २००६ साली. चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, म्हणजे ब्रेबॉर्न स्टेडियमवाल्या क्लबात, किंगफिशर एअरलाइन्सच्या नावाने एटीपी स्पर्धा झाली. पनवेलहून हार्बर लाइनने हौसेने गेलो होतो. तुर्सुनोवने बर्डिचला हरवलं. २००७ ला रिशार गास्के जिंकला. आणि संपलं! २००८ साली स्पर्धा बंगळुरूला हलवली, तिथे सुरक्षेच्या कारणावरून ती झालीच नाही. पुढे २०१२ मध्ये प्रायोजक एअरलाइनची विमानंही जमिनीवर आली.

दुसऱ्यांदा २०१८. चेन्नईत वीस वर्षं रुजलेली स्पर्धा राज्य सरकारच्या पाठबळावर पुण्यात बालेवाडीला आली. आपण कॉलर ताठ केली. पहिल्या वर्षी सिमॉन जिंकला, पुढच्या वर्षी अँडरसन. २०२१ कोविडने खाल्लं. २०२३ ला ग्रीकस्पूर जिंकला आणि २०२४ पासून आपला तो आठवडा हाँगकाँगकडे गेला.

यात कुणी दगा दिला नाही. एटीपी स्पर्धेचा परवाना ही मालमत्ता असते. ती विकता येते, दुसऱ्या शहरात नेता येते. चेन्नईकडून आपल्याकडे आली तेव्हा टाळ्या वाजवल्या, मग आपल्याकडून गेली म्हणून रडायचं कशाला?

'पण अशा स्पर्धांमुळे आपल्या मुलांना संधी मिळते ना?' मिळते, मान्य. पुण्याच्या अर्जुन कढेला बालेवाडीत वाइल्ड कार्ड मिळालं. त्याच क्रिकेट क्लबात होणाऱ्या महिलांच्या मुंबई ओपनमध्ये २०२५ ला माया राजेश्वरन ही पंधरा वर्षांची पोरगी उपांत्य फेरीपर्यंत गेली. पण वाइल्ड कार्ड मिळतं ते आधीच खेळणाऱ्याला. रॅकेट हातात घ्यायची कुठे, हा प्रश्न त्याच्या दहा वर्षं आधीचा आहे.

माझ्या मुलीला टेनिस शिकायचं होतं. परवडेल असं कोर्ट शोधत मी महिनाभर स्कूटर फिरवली. एकीकडे सोसायटीबाहेरच्यांना बंदी, दुसरीकडे तासाचा दर ऐकूनच परत फिरलो. ती आता बॅडमिंटन खेळते, पार्किंगमध्ये, नेटशिवाय.

क्लबवर माझा राग नाही. सभासदांच्या पैशाने बांधलंय, सभासदांनी खेळावं. प्रश्न सार्वजनिक पैशाचा आहे. टेनिस कोर्ट ७८ फूट लांब, ३६ फूट रुंद. आजूबाजूची मोकळी जागा धरून १२० बाय ६० फूट पुरतात. आपल्याकडे तेवढ्या जागेत लग्नाचा मांडव पडतो. प्रत्येक नोडमध्ये दोन हार्ड कोर्टं, सरावाची एक भिंत, संध्याकाळी दिवे आणि शाळकरी मुलांना सकाळी फुकट वेळ. हे कुठला प्रायोजक हाँगकाँगला उचलून नेणार?

बालेवाडीचंच बघा. ते संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. तो सोहळा कधीच संपला, संकुल अजून उभं आहे. बांधलेलं राहतं, भाड्याने आणलेलं जातं.

महापालिका निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला स्टेडियमचं चित्र दाखवू देऊ नका. एवढंच विचारा, 'आमच्या सेक्टरमधल्या पोरीने उद्या सकाळी सहाला खेळायला कुठे जायचं?'

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.