श्वासाचा अहवाल आणि आपले उत्तरदायित्व

खानदेशात थंडी पडू लागली आणि जिनिंग सुरू झाल्या, की आपल्या चिकित्सालयांत श्वासाचे रुग्ण वाढतात. त्यांतील अनेकांच्या हाती आता जळगाव वा धुळे येथे केलेल्या पी.एफ.टी. म्हणजे फुप्फुस-कार्यक्षमता चाचणीचा अहवाल असतो. ‘डॉक्टर, यामा काय लिखेल शे?’ असे विचारून रुग्ण तो आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी कित्येक जण तो बाजूस सारून नाडीला हात घालतात. नाडी पाहावीच, परंतु रुग्णाचा प्रश्न अनुत्तरित ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

कारण उत्तर न मिळाल्यास रुग्ण स्वतःच अर्थ लावतो. अहवालात ‘५८ टक्के’ दिसले, की एक म्हणतो, ‘बेचाळीस टक्के फुप्फुस सडले’. दुसरा म्हणतो, ‘पास झालो’. दोन्ही अर्थ चुकीचे. त्याच वयाच्या, उंचीच्या व लिंगाच्या निरोगी व्यक्तीकडून जे मूल्य अपेक्षित असते, त्याच्याशी केलेली ती तुलना आहे, एवढेच.

अहवालातील तीन आकडे समजावले तरी पुष्कळ झाले. पूर्ण श्वास भरून जोराने बाहेर टाकलेली एकूण हवा म्हणजे एफ.व्ही.सी.; त्यांपैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा म्हणजे एफ.ई.व्ही.वन; आणि या दोहोंचे गुणोत्तर. समजा, एकूण हवा २.६० लिटर व पहिल्या सेकंदातील १.३० लिटर आहे. म्हणजे गुणोत्तर ५० टक्के. बाटलीचे तोंड अरुंद असावे, तसे हे झाले. हवा आहे, पण निघण्यास वाट नाही. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन चाचणी पुन्हा करतात. त्यानंतरही गुणोत्तर ७० टक्क्यांखाली राहिले आणि लक्षणे व पूर्वेतिहास जुळत असला, तर सीओपीडीचा विचार करावा लागतो. औषधानंतर आकडा लक्षणीय वाढला, तर दम्याकडे संशय अधिक जातो. गुणोत्तर प्राकृत असून एकूण हवाच कमी असेल, तर फुप्फुसे आकुंचित असण्याची शंका घेऊन पुढील तपासणीस पाठवावे.

मात्र यंत्राने छापलेली ओळ म्हणजे निदान नव्हे. रुग्णाने फुंकर पूर्ण जोराने मारली होती काय, किमान तीन फुंकरी नीट झाल्या काय, हे पाहावे. उंची व वय अंदाजाने लिहिले असेल, तर अपेक्षित मूल्यच चुकते. दम्याचा वेग नसताना अहवाल प्राकृत येऊ शकतो. तेवढ्यावरून दमा नाही असे म्हणता येत नाही.

काही व्यवसायबंधू विचारतील, की दोष-दूष्य विचार असताना हे यंत्र कशाला? या आकड्यांतून वात-कफाचा अनुबंध कळत नाही, हे खरेच. आणि सीओपीडी म्हणजेच तमकश्वास असे समीकरणही आम्ही मांडत नाही. परंतु चरकाचार्यांनी तमकश्वास याप्य म्हटला आहे. नवोत्पन्न असेल तरच साध्य. याप्य व्याधीत रुग्णास सत्य सांगणे व प्रत्येक टप्प्यावर मोजमाप ठेवणे अगत्याचे ठरते. आपल्या चिकित्सेने लाभ झाला, असे म्हणावयाचे तर सहा महिन्यांनी हाच आकडा पुन्हा पाहण्याचे धैर्य आपल्यापाशी हवे. लाभ होत नसेल, तर तेही त्यातून कळेल.

आकड्यामागचे कारण शोधणे हे तर आपलेच क्षेत्र. डॉ. संदीप साळवी व प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मधील लेखात धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले, चुलीचा धूर हे त्यातील एक मोठे कारण. तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आलेल्या भगिनीस ‘बिडी ओढता का?’ एवढेच विचारून भागत नाही; किती वर्षे चुलीपुढे बसलात, हे विचारावे. जिनिंग वा डाळमिलमधील कामगारास सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळते काय, हे विचारावे. निदानपरिवर्जन म्हणतात ते याहून वेगळे काय आहे?

औषधालय चालकांनाही आमची विनंती आहे. ‘आता काढा सुरू झाला, पंप सोडा’ असा सल्ला कोणीही परस्पर देऊ नये. अचानक औषध तोडल्याने रुग्णाच्या जीवावर बेतू शकते. तसेच ज्या पुडीत काय आहे हे लिहिलेले नाही, ती दम्यावर रामबाण म्हणून विकू नये. अशा पुडीत स्टेरॉइड असण्याचा धोका असतो.

रुग्ण आपल्याकडे विश्वासाने येतो. त्याच्या हातातील कागद पाच मिनिटे त्याच्यासमवेत वाचल्याने आपल्या शास्त्राचा मान उणा होत नाही. कागद न वाचता दिलेल्या आश्वासनाने मात्र तो निश्चित उणा होतो.